परदेशातील भाजीमळे आणि घड्याळाचा लिलाव

भाजीपाल्याची शेती पाहण्यासाठी आम्ही काही व्यापारी व बागाईतदार मिळून हॉलंड आणि बेल्जम या देशांच्या अभ्यास-दौऱ्यावर गेलो होतो. अशा दौऱ्यांची वर्णने बहुधा काचगृहांपाशी संपतात. परंतु आमचा व्यवसाय घाऊक धान्याचा असल्यामुळे, माल कसा पिकतो याइतकेच त्याचा भाव कसा ठरतो याकडेही आमचे लक्ष होते. व्यापारी बंधूंना उपयुक्त वाटेल तेवढेच येथे मांडीत आहोत.

प्रथम मळ्यांविषयी. हेग व रॉटरडॅम ही शहरे आणि समुद्र यांच्या दरम्यान वेस्टलँड नावाचा प्रदेश आहे. पूर्वी तेथे काचेखाली द्राक्षे होत. आज टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची आणि फुले होतात. टोमॅटोची रोपे जमिनीत न लावता, खडक वितळवून काढलेल्या तंतूंच्या लाद्यांवर वाढवितात. पाणी व खत प्रत्येक रोपास नळीने मोजून मिळते आणि निचरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. उबेसाठी नैसर्गिक वायू जाळतात आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड रोपांनाच पुरवितात. अशा रीतीने एका चौरस मीटरमधून वर्षाला ५० किलो किंवा त्याहूनही अधिक टोमॅटो निघतात. मात्र २०२२ साली वायूचे भाव भडकले, तेव्हा काही बागाईतदारांना काचगृहे रिकामी ठेवावी लागली. हा सारा खटाटोप थंडीवरचा उपाय आहे. ज्यांच्या शेतावर सूर्य फुकट तळपतो, त्यांनी तो जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही. पाण्याचा हिशेब मात्र अवश्य उचलावा.

आता बाजाराविषयी. उत्तर हॉलंडमधील ब्रुक ऑप लांगेडाइक या गावी शेते म्हणजे पाण्याने वेढलेली लहान लहान बेटेच होती. शेतकरी कोबी होडीतून आणीत. १८८७ साली तेथे भाजीचा लिलाव सुरू झाला. पुढे लिलावगृह पाण्यावरच उभारले गेले. होड्या एका बाजूने आत येत, खरेदीदारांसमोरून सरकत आणि विकल्या जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडत. भिंतीवर मोठे घड्याळ असे. त्याचा काटा चढ्या भावावरून खाली उतरू लागे आणि जो खरेदीदार प्रथम बटण दाबील, त्याला त्या क्षणी काटा दाखवीत असलेल्या भावाने माल मिळे. आपल्याकडे बोली चढत जाते, तेथे उतरत जाते. स्वस्ताच्या लोभाने थांबावे, तर माल शेजारी नेतो.

हे घड्याळ तीन गोष्टींच्या आधारावर चाले. पहिली, प्रतवारी: माल आकार व गुणानुसार निवडलेला असल्याने वरच्या थरात एक आणि तळाशी दुसरे असा प्रकार नसे. दुसरी, पैशाची शाश्वती: लिलावगृह उत्पादकांच्या सहकारी संस्थेचे असे व खरेदीदाराची पत पाहूनच त्याला बोलीस बसू दिले जाई. तिसरी गोष्ट म्हणजे खरेदीदारांची मोठी संख्या.

हा तिसरा आधार पुढे खचला. किरकोळ विक्री थोड्या मोठ्या साखळी-दुकानांच्या हाती गेली. त्यांना आठवडे आधी ठरलेला पुरवठा व ठरलेला भाव हवा होता. मोजकेच खरेदीदार उरले की काटा खाली येईपर्यंत थांबण्याची भीती कोणालाच उरत नाही. ब्रुकचे लिलावगृह १९७३ साली बंद झाले. आज ते संग्रहालय आहे. १९९६ साली हॉलंडमधील नऊ लिलाव-संस्था एकत्र येऊन एक मोठी संस्था झाली आणि नंतर भाजीच्या विक्रीत घड्याळाची जागा बव्हंशी थेट करारांनी घेतली. फुलांच्या व्यापारात ते टिकले आहे; बेल्जममधील उत्पादकांच्या सहकारी संस्था भाजीसाठीही ते वापरतात.

यातून आपण काय घ्यावे? आपल्या पेठांतही एके काळी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही तो कळत नसे. हैदराबाद संस्थानात १९३० साली, मुंबई इलाख्यात १९३९ साली बाजार-नियमनाचे कायदे झाले. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याने मुंबईचाच कायदा येथे लागू होता. पुढे कर्नाटकाचा १९६६ चा कायदा आला. २०१६ च्या एप्रिलपासून केंद्र सरकारच्या ई-नाम योजनेत संगणकावर बोली लावण्याची सोय झाली. साधने बदलली, पण प्रश्न तोच राहिला आहे: भाव उघड आहे काय, वजन खरे आहे काय, आणि पट्टीचे पैसे वेळेवर मिळतात काय?

जैन व्यापाऱ्यास याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे देण्याघेण्याची मापे कमी-अधिक ठेवणे, आणि प्रतिरूपक-व्यवहार, म्हणजे भारी मालात हलका मिसळणे, हे दोन्ही स्पष्ट सांगितले आहेत. हॉलंडच्या बाजाराने प्रतवारीने व घड्याळाने जे साधले, ते श्रावकाने व्रत म्हणूनच पाळावयाचे आहे.

मोठे खरेदीदार आता आपल्याकडेही थेट शेतकऱ्याकडे जात आहेत. त्यांच्यापुढे लहान अडत्याचे काय होणार, अशी चिंता आमच्या तरुण सभासदांना वाटते आणि ती निराधार नाही. आमचे नम्र मत असे की, बाजारात अनेक खरेदीदार टिकून राहणे हेच शेतकऱ्याचे खरे संरक्षण आहे. परंतु शेतकऱ्याने आपल्याकडे यावे, तर त्याला इतरत्र मिळेल त्याहून उणे असे काही आपल्या दुकानी असता कामा नये. काटा त्याच्यासमोर लावावा, कसर कापण्याचे कारण पट्टीवर लिहावे आणि पैसे कबूल केलेल्या दिवशी द्यावेत. एवढे पाळणाऱ्याच्या दारी गाडी थांबेल, आणि अशी दुकाने अनेक असतील तरच पेठ राहील.