*इंजिनचं काम केलं तरी ऑइल गळतंय? पुन्हा खोलण्याआधी एवढं बघा*



नांगरट उरकली की बरेच जण ट्रॅक्टरच्या इंजिनचं काम काढतात. पिस्टन, लायनर, रिंगा, बेअरिंग सगळं नवं पडतं. ट्रॅक्टर घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली ऑइलचा डाग दिसतो. काही सभासदांनी असे फोटो पाठवलेत, आणि बहुतेकांना गॅरेजमधून एकच उत्तर मिळालंय, "मागचं सील गेलं असेल, ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागेल." म्हणजे पुन्हा मजुरी, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर गॅरेजात.

आपल्या अवजार बँकेच्या ट्रॅक्टरला आम्ही हेच केलं होतं. मागचं सील बदललं, आठ दिवसांनी परत तीच गळती. शेवटी एका जुन्या मिस्त्रीने ब्रीदरचा पाइप काढून बघितला, तर आत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं! इंजिन खोलून पडलं होतं तेवढ्या दिवसांत. पाइप साफ केला, गळती थांबली. सीलची मजुरी मात्र गेली ती गेलीच.

*पहिलं काम : ब्रीदर*
पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर जायची वाट म्हणजे ब्रीदर. ती वाट बंद झाली की आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून, पॅकिंगमधून बाहेर येतं. त्यामुळे एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून गळत असेल, तर सीलला दोष देण्याआधी ब्रीदरचा पाइप आणि जाळी काढून डिझेलने धुवा.

तरीही शंका असेल तर इंजिन गरम करून स्लो ठेवा. ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं नुसतं ठेवा. जरा थरथरलं तर काळजी नाही. उडून पडत असेल, भकाभक धूर येत असेल, तर रिंगांमधून गॅस जास्त उतरतोय. नव्या रिंगा बसायला थोडे तास लागतात, म्हणून पहिल्या काही तासांत लगेच निष्कर्ष काढू नका. पण ट्रॅक्टर तासन्‌तास नुसता स्लोवर चालू ठेवला तर रिंगा नीट बसत नाहीत. हलकं ते मध्यम काम द्या, ट्रॉली ओढा, रोटर लगेच लावू नका.

ऑइल गेजपट्टीच्या वरच्या खुणेच्या वर भरलं असेल तर तेही कमी करा. "नवं इंजिन आहे, थोडं जास्त टाकू" असं गॅरेजमध्येही होतं.

*दुसरं काम : गळती कुठून सुरू होते ते शोधा*
डाग जिथे पडतो तिथेच गळती आहे असं समजू नका. ऑइल वरून खाली ओघळतं, आणि रेडिएटरचा पंखा ते मागे फेकतो. टॅपेट कव्हरमधून निघालेलं ऑइल मागे फ्लायव्हीलच्या घरापर्यंत जातं आणि बिचाऱ्या मागच्या सीलचं नाव होतं.

इंजिन गार असताना बाहेरून डिझेल आणि ब्रशने स्वच्छ धुवा, पुसा, पूर्ण वाळू द्या. मग संशय असेल तिथे साधी टाल्कम पावडर भुरभुरा. पंधरा-वीस मिनिटं चालवून बंद करा आणि बॅटरीच्या उजेडात वरून खाली बघत या. पावडरवर सगळ्यात वर जिथे ओली रेघ सुरू होते, तेच ठिकाण. रात्री खाली पुठ्ठा टाकून ठेवा आणि त्यावर पुढची बाजू लिहून ठेवा, सकाळी थेंब नेमका कशाखाली आहे ते कळतं. बघताना गियर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. उपरणं, पदर, सैल बाही पंख्यापासून लांब. चालू ट्रॅक्टरखाली कुणी शिरायचं नाही.

बहुतेक वेळा गळती साध्या जागी निघते. टॅपेट कव्हरचं पॅकिंग दुमडलेलं असतं. फिल्टर बदलताना जुन्याचा रबर इंजिनलाच चिकटून राहतो आणि त्यावर नवा बसतो. ऑइल प्रेशरचा स्विच किंवा चेंबरचा ड्रेन बोल्ट वॉशरशिवाय लावलेला असतो. ही कामं तासाभरात होतात.

*बोल्ट आवळून गळती थांबत नाही*
चेंबर किंवा टॅपेट कव्हर पत्र्याचं असेल तर तो पत्रा पातळ असतो. जोरात आवळला की बोल्टपाशी वाकतो आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते. पत्रा सपाट पृष्ठभागावर ठेवून बघा, वाकला असेल तर ठोकून सरळ करा, मग नवं पॅकिंग. सिलिकॉन भरमसाट लावू देऊ नका. बाहेर फुगलेलं दिसतं तेवढंच आतही फुगतं, त्याचा तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर नवी बेअरिंग जातात. हेड बोल्ट मात्र अंदाजाने कधीच नाही. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने, टॉर्क पान्यानेच.

*आणि खरंच मागचं सील असेल तर*
क्लचच्या घराच्या खालच्या भोकातून थेंब येत असेल तर आधी ओळखा, ऑइल इंजिनचं की गिअरबॉक्सचं. डिझेल इंजिनचं ऑइल थोड्याच तासांत काळं होतं. गिअरबॉक्सचं जाड आणि उजळ राहतं, वासही वेगळा. इंजिनचंच असेल तर काम टाळू नका, क्लचप्लेटला ऑइल लागलं की ती घसरते. सील बदलताना समोर उभं राहा. जुन्या सीलने क्रँकवर चर पाडलाय का, नखाने बघा. चर असेल तर नवं सील त्याच जागी बसवून उपयोग नाही; ते किंचित पुढे-मागे बसवायचं किंवा क्रँकवर पातळ स्लीव्ह चढवायची.

*तोवर चालवायचं का?*
ढोबळ हिशेब : ५ सेकंदाला एक थेंब, म्हणजे तासाला ७२० थेंब, साधारण ३० मिली. दहा तासांत ३०० मिली. असं असेल तर रोज सकाळी सपाट जागी गेजपट्टी बघून, ऑइल पूर्ण करून काम चालेल. धार लागली किंवा ऑइलचा दिवा लागला तर जागेवर बंद करा, "एवढी तास घालून थांबतो" नको. पट्टीवर ऑइल उलट वाढत असेल तर त्यात डिझेल उतरतंय. दुधासारखं झालं असेल तर पाणी. दोन्हींत इंजिन चालवायचं नाही.

गॅरेजला जाण्याआधी पावडरवरच्या ओल्या रेघेचा फोटो काढा आणि काम केल्याची तारीख, तेव्हापासून झालेले तास लिहून आपल्या कंपनीच्या नंबरवर पाठवा. अवजार बँकेचे मिस्त्री संध्याकाळी बघून उत्तर देतील.