न दिसणारी जखम: लेसर, प्रकाश आणि त्वचेचं तारुण्य

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींना नवल वाटलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्यांचं त्वचेच्या लेसरशी काय नातं? नातं एका शब्दापुरतं आहे. 'रिज्युव्हिनेशन'. मूळ लॅटिन अर्थ, पुन्हा तरुण करणं. हा शब्द वाचून आपण पैसे मोजतो, तेव्हा नेमकं काय विकत घेतो, एवढंच आज बघू.

आधी जुनी पद्धत. बारामतीत जन्मलेल्या सी. कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर तयार केला. याचा किरण पाण्यात झटकन शोषला जातो, आणि त्वचेत पाणी भरपूर. त्यामुळे वरचा थर अक्षरशः वाफ होऊन उडतो. सुरकुत्या कमी होतात खऱ्या, पण चेहरा सोलल्यासारखा होतो आणि भरून यायला बरेच दिवस जातात.

'नॉन-अब्लेटिव्ह' म्हणजे न सोलणारे उपचार. यात वरचा थर शाबूत ठेवून उष्णता खालच्या थरात पोचवतात. तिथे कोलॅजन नावाचे तंतू असतात, त्वचेचा ताठपणा त्यांच्यावर. वय आणि ऊन या दोघांनी ते झिजतात. खालच्या थराला मोजका चटका बसला की शरीर दुरुस्तीला लागतं आणि नवं कोलॅजन तयार करतं. शरीराला यात फसवलं जातं, असं काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. शरीराची फसवणूक होत नाही, जखम खरीच होते. ती आपल्याला दिसत नाही, इतकंच. आणि जी जखम दिसत नाही तिला आपण संमती फार पटकन देतो, बरं का.

आता प्रश्न असा, की वरचा थर न भाजता खालचा कसा तापवायचा? भर उन्हात काळी मोटार आणि पांढरी मोटार शेजारी उभ्या करा. ऊन तेच, पण काळी जास्त तापते. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी हे तत्त्व नीट मांडलं. लक्ष्य जो रंग शोषतं तोच प्रकाश निवडायचा, आणि तो इतका क्षणभर टाकायचा की उष्णता शेजारी पसरायच्या आत काम उरकावं. रक्तवाहिन्यांसाठी ५९५ नॅनोमीटरचा डाय लेसर वापरतात, खोल जाण्यासाठी १०६४चा एनडी-याग. शिवाय वरची त्वचा थंड ठेवतात. आयपीएल मात्र लेसर नव्हे. तो अनेक तरंगलांबींचा प्रखर झोत असतो, गाळणी लावून हवा तेवढाच भाग सोडतात. दुकानदारी भाषेत दोन्हींना सर्रास 'लेसर' म्हणतात, ते चूक आहे.

इथे आपल्या लोकांनी कान द्यावा. मेलॅनिनही प्रकाश शोषतं, आणि ते वरच्याच थरात असतं. गोऱ्या कातडीला सोसेल तो झोत गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर टाकला, तर खाली पोचण्याआधी वरच भाजतं. मग काळे डाग राहतात, कधी महिनोन्महिने. क्वचित पांढरेही. तरंगलांबी वाढेल तसं मेलॅनिनचं शोषण घटतं, म्हणून आपल्याकडे १०६४ तुलनेने सुरक्षित धरतात. आयपीएल जपूनच. म्हणजे यंत्र 'परदेशी, अत्याधुनिक' आहे का, हा प्रश्न दुय्यम. ते कोणाच्या हातात आहे, आणि त्या हाताला आपल्या रंगाची त्वचा हाताळायची सवय आहे का, हे विचारायचं. लग्न पंधरा दिवसांवर आलं असताना तर हा प्रयोग करूच नये.

फळाचं म्हणाल तर माफक. एका बैठकीत भागत नाही, बहुधा तीन ते पाच लागतात, महिनाभराच्या अंतराने. कोलॅजन हळूहळू बनतं, फरक दिसायला महिने जातात. बारीक रेषा, लालसरपणा, उन्हाचे डाग यांत सुधारणा होते. खोल सुरकुत्या आणि लोंबलेली कातडी यांवर विशेष नाही. म्हातारपण तर थांबत नाहीच. 'पुन्हा तरुण' हा शब्द म्हणून ढिला आहे. 'काहीशी दुरुस्त' म्हटलं तर खरं होईल, पण जाहिरात चालणार नाही! तरी हौसेने कोणी करून घेतलं तर त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. केस काळे करणाऱ्या आमच्या पिढीने तरी मुरडू नये.

एक चिठ्ठी आली आहे: "वांग आहे, लेसर करावा का?" वांगाला उष्णता आणि प्रकाश दोन्ही चिडवतात. आधी बरा दिसून नंतर जास्त गडद होऊन परत येतो, असं पुष्कळदा घडतं. म्हणून सुरुवात सनस्क्रीन आणि मलमांनी, त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने. लेसरचा नंबर शेवटी, आणि तोही आधी कानामागे छोट्या जागी करून बघितल्यावर.