पेढीची साधने आणि ती वापरणारा हात
(एक घाऊक धान्यव्यापारी, नया बाजार, लष्कर, ग्वाल्हेर)

धान्याच्या व्यापारात वानगी पाहिल्यावाचून सौदा होत नाही. पोत्यात परखी घालावी, मूठभर दाणे तळहातावर घ्यावे, त्यांतील खडा, माती व ओल पाहावी आणि मगच भाव बोलावा, ही आपल्या वाडवडिलांची रीत आहे. परंतु हीच दक्षता पेढीवर येणाऱ्या साधनांच्या बाबतीत आपण क्वचितच घेतो. नवा काटा, नवे पावतीपुस्तक, संगणकावरील नवा हिशेबाचा कार्यक्रम यांची खरेदी मालक करतो आणि विकणाराही मालकाशीच बोलतो. ज्याच्या हातून ते साधन दिवसाकाठी शेकडो वेळा चालावयाचे, त्या मुनिमाला, तोलाऱ्याला अथवा पल्लेदाराला त्या वेळी कोणी विचारीत नाही. पुढे चूक झाली म्हणजे मात्र ती त्याच्याच नावे पडते.

साधन वापरणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष काम करताना पाहावे, त्याची अडचण जाणावी आणि त्याप्रमाणे साधन घडवावे, याचे आता एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. त्यास वापरसुलभतेचे शास्त्र म्हणता येईल. नाव नवे असले, तरी त्यातील तत्त्व व्यापाऱ्याला अपरिचित नाही.

नाण्यांचा धडा

1 एप्रिल 1957 रोजी आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली. रुपयाचे 16 आणे, 64 पैसे व 192 पै हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब जाऊन 100 नवे पैसे आले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. या ‘सव्वा’ने दुकानोदुकानी किती घोळ घातला, हे आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. तथापि त्या नाण्यांच्या घडणीत एक शहाणपण होते. एक पैसा वाटोळा, दोन पैशांचे नाणे नागमोडी काठाचे, पाच पैशांचे चौकोनी, दहा पैशांचे पुन्हा नागमोडी पण मोठे. जुन्या आण्या-दुआणीप्रमाणेच ही नाणी बोटांनाही कळत. ज्याला अक्षरओळख नाही, ज्याची दृष्टी गेली आहे किंवा जो दिवेलागणीच्या मंद उजेडात गल्ला मोजतो आहे, त्यालाही ती चाचपून ओळखता येत. चांगले साधन स्वतःच आपली ओळख पटवून देते. ते सारा भार वापरणाऱ्याच्या स्मरणावर टाकीत नाही.

दोष माणसाचा की साधनाचा?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या काही लढाऊ विमानांना एक चमत्कारिक अपघात वारंवार होई. विमान सुखरूप उतरे आणि जमिनीवर आल्यावर वैमानिक चाकेच वर ओढून घेई. प्रथम दोष वैमानिकांच्या माथी मारला गेला. अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तो चाकांची मूठ आणि पंखांच्या झडपांची मूठ शेजारी शेजारी व दिसावयास सारख्याच! थकलेल्या हाताने त्यांतील भेद कसा ओळखावा? उपाय अगदी साधा निघाला. एका मुठीला लहान चाकाचा आकार दिला, दुसरीला पाचरीचा. हाताला भेद कळू लागला आणि चूक टळली.

आपल्या गादीवर कॅल्क्युलेटर व दूरध्वनी शेजारी शेजारी असतात. कॅल्क्युलेटरवर वरच्या ओळीत 7, 8, 9 असतात. दूरध्वनीवर 1, 2, 3. बटनांचा दूरध्वनी 1963 साली अमेरिकेत सुरू झाला. त्यापूर्वी बेल प्रयोगशाळेने बटनांच्या अनेक मांडण्या लोकांच्या हाती देऊन कोणती मांडणी जलद चालते व कोणतीत चुका कमी होतात, हे मोजून पाहिले आणि मगच आजची मांडणी ठरविली.

आपला देशही यात मागे राहिला नाही. मुंबईस पवईच्या आय. आय. टी.मध्ये 1969 साली औद्योगिक अभिकल्पाचे केंद्र निघाले. तेथील अध्यापकांचा मतदानयंत्राच्या घडणीत वाटा आहे. हे यंत्र 1982 साली केरळातील परूर येथे प्रथम वापरले गेले. उमेदवाराच्या चिन्हासमोर एक बटन, ते दाबताच लाल दिवा व आवाज. मत नोंदले गेले, हे निरक्षर मतदारालाही तत्काळ कळते. पेढीवरील किती साधने आपल्याला इतकी स्पष्ट पोच देतात?

‘ठीक आहे, शेठजी’

आमच्या पेढीवर काही वर्षांपूर्वी संगणकावर बिले करण्याचा नवा कार्यक्रम आला. मुनीमजी जुने, हिशेबाला चोख. तरीही ते प्रत्येक सौदा आधी कागदावर लिहीत आणि मग संगणकात भरीत. तरुण मंडळी म्हणत, “वय झाले, आता यंत्र जमावयाचे नाही.” त्यांना विचारावे, तर उत्तर एकच : “ठीक आहे, शेठजी.”

मग मी तीन दिवस त्यांच्या मागे काही न बोलता बसलो आणि उलगडा झाला. तोलाऱ्याकडून हाक येते ती अशी : आधी पार्टीचे नाव, मग पोती, मग वजन, शेवटी भाव. संगणक मात्र आधी कर-क्रमांक विचारी, मग भाव, आणि पोत्यांची संख्या अगदी अखेरीस. कानावर पडणारा क्रम एक आणि पडद्यावरचा दुसरा. म्हणून बिचारे कागदाचा आधार घेत. शिवाय बिल जपून ठेवण्याचे व पुसण्याचे बटन एकमेकांस लागून होते. कार्यक्रम पुरविणाऱ्यास बोलावून क्रम बदलून घेतला, बटने दूर नेली, अंक मोठे केले. आठवड्याभरात कागद सुटला. मुनीमजींचे वय तेवढेच राहिले.

यातील मर्म असे की, पेढीवर बसलेला नोकर मालकाने आणलेल्या वस्तूस वाईट म्हणत नाही. हा त्याचा विनय आहे. म्हणून त्याचे उत्तर ऐकण्यापेक्षा त्याचा हात पाहावा. हात खोटे बोलत नाही.

पोत्याचे वजन कोणी ठरविले?

याच दृष्टीने पोत्याकडेही पाहावे. जुने पोते अडीच मणांचे, म्हणजे सुमारे 93 किलोचे. पुढे मेट्रिक वजने आली आणि हिशेबाला सोपे म्हणून पोते 100 किलोचे झाले. ते लेखणीला सोयीचे होते. ज्या पाठीवर चढावयाचे तिला कोणी विचारले नव्हते. 1967 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यास 55 किलोची मर्यादा सुचविली. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कायदा झाला, आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने ओझे कमी करण्याचा प्रश्न लावून धरला. आज 50 किलोचे पोते सर्वत्र दिसते, त्यामागे असा इतिहास आहे.

आपल्या समाजाला तर हे नवे वाटू नये. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत ‘अतिभारारोपण’ स्पष्ट आहे. शक्तीपलीकडे भार लादणे म्हणजे हिंसाच होय. तो भार पाठीवरचा असो की डोळ्यांवरचा व स्मरणावरचा असो, विवेकी व्यापाऱ्याने दोन्हींचा विचार करावा.

सभासद बंधूंसाठी चार सूचना

1. नवे साधन घेण्यापूर्वी ते वापरणाऱ्याच्या हाती चार दिवस द्यावे, आणि गर्दीच्या वेळी द्यावे. रिकाम्या वेळी कोणतेही यंत्र चांगलेच दिसते.

2. शेजारी बसून पाहावे. मध्ये शिकवू नये, रागावू नये. तो कोठे थबकतो, कोठे मागे येतो, कोठे कागदाचा तुकडा काढतो, एवढेच टिपून ठेवावे.

3. यासाठी मोठा खर्च नको. या विषयाचे जाणकार जेकब निल्सन यांचे मत असे की, पाच माणसांना काम करताना पाहिले, तरी बहुतेक अडचणी उघड होतात. आपल्या कोणत्याही मध्यम पेढीवर पाच माणसे सहज असतात.

4. एकच चूक दोन निरनिराळ्या माणसांकडून झाली, तर माणसास बोल लावण्यापूर्वी साधन तपासावे.

काटा खरा असावा, याविषयी आपण सदैव जागरूक असतो, आणि ते योग्यच आहे. त्याच काट्यावरील आकडा तोलाऱ्यास उन्हातान्हात नीट दिसतो की नाही, हेही तितकेच महत्त्वाचे मानावे. तो आकडा चुकीचा वाचला गेला, तर नुकसान शेतकऱ्याचे होईल, ग्राहकाचे होईल किंवा आपले होईल. आणि बोल मात्र त्या गरीब तोलाऱ्यास लागेल. येत्या हंगामाचा माल बाजारात उतरण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या पेढीवर एक दिवस गादी सोडून काट्याजवळ उभे राहावे, अशी नम्र विनंती आहे.