पुढच्या चाकांचे स्ट्रट : पारख, देखभाल आणि बदल

बहुतेक मोटारींच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे, मडगार्डच्या आत, एक जाड नळकांडे उभे बसवलेले असते आणि त्याच्याभोवती भक्कम स्प्रिंग असते. या जोडणीला स्ट्रट म्हणतात; गॅरेजमध्ये तिला सरसकट ‘शॉकअप’ म्हटले जाते. गाडीचा भार स्प्रिंग उचलते, स्प्रिंगची उसळी नळकांड्यातला शॉकअॅब्सॉर्बर आवरतो, आणि चाकाला वरून आधार देणारा खांबही हा स्ट्रटच असतो. स्टीअरिंग फिरवले की स्प्रिंगसकट सगळा स्ट्रट फिरतो. त्यासाठी त्याच्या माथ्यावर रबरी माउंट आणि बेअरिंग असते.

ही रचना अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाते. जनरल मोटर्समध्ये एका छोट्या शेवरले गाडीचा आराखडा करताना त्यांनी तिच्यावर काम केले. तो प्रकल्प गुंडाळला गेल्यावर ते 1947 मध्ये फोर्डमध्ये गेले. 1950 साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात आलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांना पुढे असे स्ट्रट होते. भारतात 1983 साली आलेल्या मारुती 800 ने ही रचना घरोघरी पोचवली. त्याआधीच्या अॅम्बॅसॅडरला पुढे टॉर्शन बार होता, तर पद्मिनीला वर-खाली दोन आर्म. स्ट्रटमुळे वरचा आर्म लागेनासा झाला, जागा वाचली आणि पुढची चाके फिरवणारे आडवे इंजिन छोट्या गाडीत मावू लागले. या सोयीची किंमत स्ट्रट स्वतः मोजतो. चाकावर बाजूने येणारा जोर त्याच्या दांड्यालाही सोसावा लागतो, म्हणून हा दांडा साध्या शॉकअॅब्सॉर्बरच्या दांड्यापेक्षा जाड केलेला असतो.

नळकांड्यात तेल असते. दांड्याच्या टोकाचा पिस्टन या तेलातून वर-खाली सरकतो आणि तेलाला पिस्टनमधल्या बारीक छिद्रांतून व झडपांतून वाट काढावी लागते. त्या घर्षणात उसळीतल्या ऊर्जेची उष्णता होते. सलग खडबडीत रस्त्यावरून आल्यावर स्ट्रट हाताला गरम लागतो तो यामुळेच. तेलाला फेस आला तर त्याची पकड जाते. तो येऊ नये म्हणून बहुतेक स्ट्रटमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो.

स्ट्रट आरामासाठी असतो, हा समज पक्का रुजलेला आहे आणि तो घातक आहे. स्ट्रटचे पहिले काम टायर रस्त्याला टेकलेला ठेवणे हे आहे. शॉकअॅब्सॉर्बर थकला की खड्ड्यानंतर चाक उड्या मारत राहते आणि हवेत असलेल्या चाकाला ब्रेकचा काहीही उपयोग नसतो. ओल्या रस्त्यावरच्या वळणावर हीच कमतरता जिवावर बेतू शकते. ही झीज इतकी हळू होते की रोज गाडी चालवणाऱ्याला ती जाणवत नाही. त्याचा हात बिघडलेल्या गाडीला सरावून जातो. म्हणून अंगवळणी पडलेल्या अंदाजापेक्षा डोळ्यांवर विसंबावे.

पाहायचे ते नेमके असे. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले की चाकामागचा स्ट्रट दिसतो. त्याच्या वरच्या भागावर तेलाचा पुसटसा थर आणि त्यावर धूळ असेल तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र तेल ओघळून नळकांडे खालपर्यंत ओले झाले असेल तर सील गेले, असे समजावे. दांड्यावरचे रबरी डस्ट कव्हर फाटले असेल तर सील जाण्याची ती पूर्वसूचना असते: चिखल आणि बारीक खडी दांड्याच्या गुळगुळीत क्रोमवर चरे पाडतात आणि प्रत्येक चरा सीलला कापत जातो. टायरवरून तळहात फिरवावा. पृष्ठभाग ठिकठिकाणी वाटीसारखा खोलगट लागला तर चाक बरेच दिवस उड्या मारत असावे. ब्रेक लावताच गाडीचे नाक जोराने खाली जाणे, गतिरोधक ओलांडल्यावर ती पुन्हा पुन्हा हिंदकळणे, याही खुणाच आहेत. बॉनेट दाबून सोडण्याची जुनी परीक्षा पूर्ण निकामी स्ट्रट पकडते, अर्धवट थकलेला नाही.

आवाजाच्या बाबतीत घाई करू नये. छोट्या खड्ड्यांवरची खटखट पुष्कळदा लिंक रॉडची किंवा लोअर आर्मच्या बॉल जॉइंटची असते. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंगमधून ‘टंग’ असा आवाज आला तर माथ्यावरचे बेअरिंग अडकत असण्याचा संभव मोठा. या स्वस्त भागांपायी चांगले स्ट्रट काढून टाकले जातात, ही गॅरेजमधली नेहमीची नासाडी आहे.

आयुष्याचा ढोबळ आकडा 80,000 किलोमीटरचा धरला जातो. खराब रस्त्यांवर आणि बेढब गतिरोधकांवर तो बराच खाली येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यावर 10 सेंटिमीटर उंच, असा सौम्य उतरणीचा असायला हवा. सोसायट्यांच्या दारातले अरुंद, उभे उंचवटे या मापात कुठेच बसत नाहीत. त्यांच्यावरून जाताना चाक उंचवट्याला लागण्याआधी वेग उतरवावा आणि ब्रेक सोडून द्यावा. ब्रेक दाबलेला असताना नाक आधीच खाली गेलेले असते आणि स्ट्रटला दबायला जागा उरत नाही. कोकणच्या खारट हवेत स्प्रिंग टेकते ती खालची थाळी गंजते. पावसाळ्यानंतर तिथला चिखल साध्या पाण्याने धुऊन काढला तरी पुष्कळ फरक पडतो. याखेरीज स्ट्रटला वंगण किंवा तेल लागत नाही, तो बंदच असतो. जुना स्ट्रट कापून, तेल भरून, पुन्हा वेल्डिंग करून विकलेला माल घेऊ नये. खाली बसलेली स्प्रिंग वर उचलण्यासाठी वेढ्यांत रबरी बफर अडकवणे हाही उपाय नव्हे. थकलेली स्प्रिंग बदलावी.

स्ट्रट नेहमी डावा-उजवा जोडीने बदलतात, कारण एका बाजूला नवा आणि दुसरीकडे थकलेला असेल तर ब्रेक लावताना व वळताना गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही. सोबत माउंट, बेअरिंग, बम्प स्टॉप आणि डस्ट कव्हर नवे घ्यावेत. मजुरी एकदाच पडते. हे भाग वाचवले तर तेच काम लवकरच पुन्हा निघू शकते.

गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना अडण लावतात, जॅकने उचलून स्टँडवर ठेवतात आणि चाक काढतात. ब्रेकचा होज व एबीएसची वायर स्ट्रटपासून मोकळी करतात, लिंक रॉड सोडवतात. मग स्ट्रटला नकलशी, म्हणजे चाकाचा हब ज्यात बसतो त्या भागाशी, जोडणारे दोन मोठे बोल्ट काढायचे. त्याआधी त्यांच्या जागेवर रंगाची खूण केली तर चाकाचा कल फारसा हलत नाही. बोल्ट निघाल्यावर हब बाहेर झुकतो. त्याला तारेने बांधून ठेवावे, नाहीतर ब्रेकच्या होजवर ताण येतो आणि अॅक्सलचा आतला सांधा निसटू शकतो. शेवटी बॉनेटखाली, स्ट्रटचा माथा जिथे बसतो त्या टॉवरवरचे कडेचे नट काढून स्ट्रट खाली उतरवतात.

या कामातला खरा धोका टॉवरच्या मधल्या नटात आहे. दाबलेली स्प्रिंग त्याने रोखून धरलेली असते आणि तो तसाच सोडला तर माउंट व स्प्रिंग गोळीसारखी उडतात. स्ट्रट बाहेर काढून, समोरासमोर दोन स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून ते आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. स्प्रिंग थाळीत सैल हलू लागली की मगच त्या नटाला पाना लावावा. चांगला कॉम्प्रेसर हाताशी नसेल तर हा टप्पा घरी करू नये.

नवा स्ट्रट उभा धरून दांडा काही वेळा पूर्ण दाबून ओढावा, म्हणजे आत अडकलेली हवा वर येते. दांडा फिरू नये म्हणून त्याच्या टोकाला अॅलन की लावावी. पकडीने क्रोम धरले तर नवे सीलही लवकरच गळू लागते. स्प्रिंगचे टोक थाळीतल्या खाचेत नीट टेकले आहे ना, हे पाहावे. सर्व बोल्ट टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या मापाला आवळावेत. लोअर आर्मचा बोल्ट ढिला केला असेल तर तो मात्र गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचा कसावा. हवेत लटकत असताना कसला तर बुशचे रबर पिळलेल्या अवस्थेत जखडून लवकर फाटते.

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट लगेच करून घ्यावी, कारण नकलचे बोल्ट सुटले की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाची आत-बाहेर दिशा) दोन्ही बदलतात. काहीशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत. उतरवलेल्या जुन्या स्ट्रटमध्ये दाबाखालचा वायू आणि तेल असते. असे स्ट्रट तापवू वा कापू नयेत, भंगारवाल्याला तशी कल्पना देऊनच द्यावेत.