क्रिबला घर हवं, शेजार नको

क्रिबेन्सिस, म्हणजेच क्रिब, हा मासा मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, नायजेरियाकडचा. नर जेमतेम १० सेंमीचा, पण पिल्लं झाली की कुणाच्याही अंगावर धावून जातो! म्हणून टँकची मांडणी आधी, मासे नंतर.

अंडी घालायच्या गुहेसाठी नारळाची करवंटी झकास. पाण्याला रंग सुटायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा उकळा, मग कडेला मादी जेमतेम आत शिरेल एवढीच खाच पाडा. मोठं दार ठेवलंत तर ती तिकडे फिरकणारही नाही. अंडी ती आतून छताला चिकटवते आणि पंखांनी वारा घालत बसते. तिचं जांभळट लाल पोट अंधारातही उठून दिसतं. नर बाहेर पहाऱ्यावर.

दगड थेट तळाच्या काचेवर टेकवा, वाळू नंतर भरा. हे मासे तोंडाने वाळू उपसतात. वाळूवर रचलेला दगड हमखास कलंडतो.

गुहा दोन-तीन ठेवा, पण दारं समोरासमोर नकोत. मध्ये लाकूड, ॲनुबियासचं रोप असा आडोसा हवा. नजरेआड झालेल्याचा पाठलाग सहसा तिथेच थांबतो.

तीन फुटी टँकमध्ये जोडी एकच, हां! वर पोहणारे टेट्रा चालतील. तळाशी घुटमळणारे कोरी मात्र नकोत, बिचाऱ्यांना धमकी कळतच नाही.