दवंडी आणि नावलौकिक

बोलणाऱ्याचा कोंडा खपतो आणि न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. कृष्णाकाठच्या मुलखात मालाला कधी तोटा नव्हता. तोटा असलाच तर तो बोलण्याचा! साताऱ्याचा कंदी पेढा आणि सांगलीची हळद कोणाला ठाऊक नाही? सांगलीच्या हळदीला तर २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ही कीर्ती झाली गावाची. पेठेतल्या एखाद्या लहान दुकानदाराचे, किंवा घरी हळद दळून विकणाऱ्या एखाद्या गृहिणीचे नाव त्यातून पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकाला कसे कळावे?

आज ते गिऱ्हाईक पत्ता विचारते गूगलला. आणि गूगलच्या पानावर नजरेस पडण्याचे मार्ग दोनच. एक, पैसे मोजून दवंडी पिटणे. दुसरा, आपल्या गुणांनी नाव मिळवणे. पहिल्याला म्हणतात 'पे पर क्लिक' आणि दुसऱ्याला 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन'. नावे परकी असली तरी रीत आपल्याकडे जुनी आहे.

१९१० साली औंध संस्थानच्या एका उजाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. जागा दिली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. म्हणजे या कथेवर दोन्ही जिल्ह्यांचा सारखाच हक्क! लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. नुसत्या जाहिरातीने ती कशी जावी? १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. जाहिरात नांगराचे नाव सांगे. मासिक वाचकाच्या उपयोगाचे चार शब्द सांगून त्याच्या घरात स्वतःची जागा करी. हीच 'खबर' पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाली आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली. दवंडी आणि नावलौकिक ही जोडी अशी आपल्याच मातीत एकत्र नांदली आहे.

आता नव्या दवंडीचे यंत्र पाहू. टिचकीमागे पैसे घेण्याची पद्धत अमेरिकेत १९९८च्या सुमारास रुजली. गूगलने आपली जाहिरात-सेवा २००० साली काढली आणि टिचकीच्या भावाचा लिलाव २००२ साली सुरू केला. कोणी 'सांगलीची हळद' असे शब्द टंकले की क्षणार्धात लिलाव होतो. सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे सौदे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे नवल वाटू नये. फरक इतकाच, की येथे केवळ मोठी बोली जिंकत नाही. जाहिरात विचारलेल्या शब्दांशी कितपत जुळते आणि तिच्यामागचे पान वाचकाच्या किती कामाचे आहे, हेही तोलले जाते. गिऱ्हाइकाने टिचकी मारली, तरच पैसे पडतात. ढोल थांबला, की मात्र सगळे शांत!

दुसरा मार्ग उलटा. पान सुबोध असावे, मोबाइलवर झटकन उघडावे, त्यात खरी माहिती असावी, इतरांनी त्याचा आपणहून हवाला द्यावा. मग गूगल ते वर आणते. येथे टिचकीला पैसा पडत नाही. पण वेळ पडतो, कित्येकदा महिनेच्या महिने. आणि एक गैरसमज आधीच दूर करावा : जाहिरातीला पैसे दिल्याने हा दुसरा क्रमांक सुधारत नाही. गूगलने ही दोन खाती वेगळी ठेवली आहेत.

मग एकाचा दुसऱ्याला उपयोग तो काय? उपयोग आहे शब्दांचा, आणि भाषेच्या अध्यापकाला या विषयाचे कौतुक वाटते ते म्हणूनच. दुकानदार पाटीवर लिहितो 'उत्कृष्ट राजापुरी हळद'. गिऱ्हाईक कदाचित विचारत असते 'सांगलीची हळद घरपोच'. वाण एकाच्या तोंडी, गाव दुसऱ्याच्या! लोकांनी प्रत्यक्ष कोणते शब्द टंकले, याची यादी जाहिरातीच्या खात्यात पाहायला मिळते. दोन-चार आठवडे थोडी दवंडी पिटावी, गिऱ्हाइकाचे शब्द ऐकावेत आणि तेच शब्द आपल्या पानावर, सहज मराठीत, आणावेत. हळद शिजवतात कशी, वाळवून पॉलिश करतात कशी, हरिपूरच्या पेवांत ती कशी साठवीत, हे लिहावे. तीच आपली 'खबर'.

न ऐकण्याची किंमतही समजून घ्या. उदाहरणादाखल धरा, टिचकीला ५ रुपये पडतात. १०० टिचक्यांचे झाले ५०० रुपये. त्यांतून ४ मागण्या आल्या आणि प्रत्येकीत ६० रुपये सुटले, तर हाती आले २४०. म्हणजे २६० रुपयांची खोट! यादी पाहिली तर कळते, की ६० टिचक्या 'हळदीची गाणी', 'हळद लागवड', 'हळदीकुंकवाचे वाण' शोधणाऱ्यांच्या होत्या. हे शब्द वगळण्याची सोय असते. ते वगळले की खर्च २०० रुपयांवर येतो आणि त्याच ४ मागण्यांत ४० रुपये उरतात. चाळीस रुपये काही मोठी रक्कम नव्हे. पण घरच्या पुंजीवर चाललेल्या धंद्यात खोट आणि नफा यांमधली भिंत एवढीच असते.

वेळेचेही भान हवे. उन्हाळ्यात घरोघर वर्षाचे मसाले होतात. दवंडीचा जोर तेव्हा असावा. पानाची मशागत मात्र त्याआधी सहा महिने सुरू व्हावी. ज्या शब्दांना पान आपोआप वर येऊ लागले, तेथली दवंडी थोडे दिवस थांबवून पाहावी. मागणी टिकली, तर ते पैसे नव्या शब्दांकडे वळवावेत.

आणि 'पहिला क्रमांक हमखास मिळवून देतो' असे सांगणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा. अशी हमी कोणालाच देता येत नाही, असे खुद्द गूगलच सांगते. कोणाला काम दिलेच, तर जाहिरातीचे खाते आपल्या नावावर असू द्यावे. नाहीतर माणूस जातो आणि बरोबर वर्षाची जमलेली शब्दांची यादीही जाते.

दवंडी गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणते. दारात आल्यावर त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि पुडीतली हळद बोलल्याप्रमाणे निघाली, तर पुढच्या वर्षी ते गूगलला विचारणार नाही, थेट तुमचे नाव टंकील. त्या दिवशी ढोलकऱ्याची मजुरी खरी वसूल झाली असे समजावे.