काळा म्हणावा की सावळा?

आज आषाढी एकादशी. माथ्यावर आषाढाचे काळे मेघ, पायांना काळ्या मातीचा चिखल, कपाळी काळा बुक्का आणि समोर विटेवर उभी काळ्या पाषाणाची मूर्ती! वारकऱ्यांच्या या महापर्वणीवर एकाच रंगाची सत्ता आहे. तरीही ‘काळा’ हा शब्द उच्चारताच आपल्या मनात प्रथम अमंगळच का यावे, याचा थोडा विचार आज करणे अप्रस्तुत होणार नाही.

संस्कृत ‘काल’ शब्दापासून मराठीचा ‘काळा’ आला. ‘काल’ म्हणजे समय, आणि ‘काल’ म्हणजे कृष्णवर्णही. म्हणून पाणिनीने स्त्रीलिंगी रूपांत व्यवस्था लावून दिली : वर्ण अभिप्रेत असेल तर ‘काली’, एरवी ‘काला’. अमरकोशाने तर या रंगाला असित, मेचक, श्याम, नील अशी कितीतरी नावे दिली. त्यांत उच्चनीच भाव कोठेही नाही. पौर्णिमेला गोपाळपुरी जो ‘काला’ होतो, त्याचा मात्र रंगाशी संबंध नाही. तो कालवण्याचा, सर्वांची शिदोरी एक करण्याचा काला होय.

लोकभाषेत या शब्दाचा संसार फार मोठा. शेतकऱ्याची ‘काळी’ म्हणजे पिकाऊ जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे गावठाण. पांढरीत माणूस राहतो, पण त्याला पोसते ती काळी. पेटीवाला ‘बुवा, काळी एक की काळी दोन?’ असे विचारतो, तेव्हा तो स्वराची चौकशी करीत असतो. अढळ सत्य म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लिहिणे म्हणजे पांढऱ्यावर काळे करणे. सुवासिनीच्या गळ्यात काळे मणी, बाळाच्या गालावर काजळाची तीट. रक्षणाचे कामही आपण काळ्याकडेच सोपविले. आणि हाच शब्द काळा बाजार, काळा पैसा, काळी यादी, काळे तोंड अशा ठिकाणी निंदेचे ओझे वाहतो. अंदमानच्या शिक्षेला लोकांनी ‘काळे पाणी’ म्हटले. १९११ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांची रवानगी झाली ती तेथेच.

शब्दाने दोन्ही ओझी मुकाट्याने वाहिली. त्याचा काय अपराध? अपराध घडतो तो हा शब्द माणसाच्या कातडीला लावताना. घरोघरी उपवर लेकीला पाहावयास पाहुणे येतात. चहापोहे होतात, शिक्षणाची स्तुती होते आणि चार दिवसांनी निरोप येतो, ‘मुलगी चांगली आहे हो, पण रंग जरा...’ पुढचे वाक्य कोणी पूर्णही करीत नाही. ते पूर्ण होते दाराआड उभ्या असलेल्या त्या मुलीच्या मनात. २०२० साली एका प्रसिद्ध मुखलेपाने आपल्या नावातून गोरेपणाचा शब्द गाळला. शब्द गळाला, पण आपली दृष्टी पालटली काय?

महाभारताकडे पाहा. कर्ता व्यास कृष्णद्वैपायन, द्रौपदीचे एक नाव कृष्णा, अर्जुनाच्या दहा नामांत एक नाव कृष्ण, आणि त्याचा सारथी तर साक्षात श्रीकृष्ण! आमच्या दैवताचे नाव ‘पांडुरंग’, म्हणजे शुभ्र वर्णाचा. मूर्ती मात्र काळी. नावात पांढरा, रूपात काळा, आणि भक्ताला दोहोंत अंतर दिसत नाही.

‘सावळा’ हा शब्द ‘श्यामल’वरून आला. तो आपण देवासाठी प्रेमाने राखून ठेवतो आणि तोच वर्ण लेकीच्या अंगी आला की ‘काळी’ म्हणून मोकळे होतो. भाविकहो, आज देवाच्या पायी मस्तक ठेवताना एवढा नेम करा : जो शब्द विठ्ठलाला, तोच घरच्या लेकीसुनेला. उपवासाला फराळ तरी लागतो; या व्रताला काहीच लागत नाही, जीभ तेवढी आवरावी लागते.